बाबासाहेब आणि गेट: जोडलेलं व्यक्तिचित्र वाचायचं कसं?



पेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, चित्रांवर, पोस्टरवर, फोटोंवर संशोधन करायचंय, पण चित्राचं विश्लेषण म्हणजे नेमकं करायचं काय? चित्र तर दिसतंच आहे की!" प्रश्न अगदी बरोबर आहे. चित्र दिसतं म्हणूनच ते वाचायचं राहून जातं.

म्हणून आज व्याख्या वगैरे बाजूला ठेवू आणि एकच चित्र घेऊन बसू. हे चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. आपल्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटच्या परिसरात पुस्तकांचे आणि फोटोंचे स्टॉल लागतात, तिथे ते मिळतं. घराघरांत फ्रेम करून लावलेलं असतं. जयंतीच्या फ्लेक्सवर तर असतंच असतं. समोर निळ्या सुटातले बाबासाहेब, हातात संविधान, आणि मागे विद्यापीठाचं गेट. आकाशात सोनेरी ढग, कधी ढगात बुद्धाचा शांत चेहरा. आणि सगळ्या चित्रावर ब्रशचे फटकारे, जणू कॅनव्हासवर तैलरंगात काढलंय.

पण ते काढलेलं नाही, जोडलेलं आहे. चार-पाच ठिकाणचे तुकडे संगणकावर एकत्र आणले आणि वरून रंगवल्यासारखं रूप दिलं. इंग्रजीत याला कॉम्पोझिट पोर्ट्रेट म्हणतात, मी इथे 'जोडचित्र' म्हणते. हे चित्र चांगलं आहे की नाही, हा आजच्या लेखाचा प्रश्न. हो, 'चांगलं की नाही' हे संशोधकानेसुद्धा सांगायला हवं. नुसतं वर्णन करून थांबायचं नसतं.

आधी एक तारीख बघा

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झालं. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं २३ ऑगस्ट १९५८ रोजी. विद्यापीठच नंतरचं, म्हणजे त्याचं गेटही नंतरचंच. सरळ अर्थ असा की बाबासाहेब या गेटसमोर कधीही उभे राहिलेले नाहीत. राहूच शकत नव्हते.

पण लगेच दुसरी गोष्टही लक्षात घ्या. ते या शहरात परके नव्हते. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. नागसेनवन परिसरातून गेटपर्यंत आपण रोज चालत जातो. म्हणजे चित्राने जे अंतर मिटवलंय ते जागेचं फार थोडं आहे. ते आहे काळाचं.

आता हे कळल्यावर तुम्ही चित्राला 'खोटं' म्हणाल का? जरा थांबा. मी म्हणाले होते, त्याचं पुढे सांगते.

सांधे शोधा

जोडचित्र वाचायची पहिली पायरी म्हणजे सांधे शोधणं. शिंपी जसा कपडा उलटा करून शिवण बघतो, तसं. माझ्याकडे स्टॉलवरून घेतलेली एक प्रत आहे, ती समोर ठेवून सांगते.

चेहरा. तो उतारवयातल्या एखाद्या कृष्णधवल छायाचित्रातला आहे. उजेड डाव्या बाजूने येतोय, चष्म्याच्या काडीची सावली गालावर पडलीय.

शरीर. हे त्या छायाचित्रातलं नाही. मान आणि कॉलर यांच्यामध्ये एक बारीक, नको इतकी सरळ रेघ आहे. बोट पुढे केलेला उजवा हात आणि डाव्या हातात ग्रंथ, ही मुद्रा आपल्याला फोटोंपेक्षा पुतळ्यांमधून जास्त ओळखीची आहे. संसद भवनाच्या आवारातला ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी बसला, त्यातही हात असाच पुढे केलेला आहे. म्हणजे इथे चेहरा कॅमेऱ्याकडून आला आणि धड शिल्पकलेकडून.

सूट. मूळ फोटो कृष्णधवल, मग निळा कुठून आला? तो नंतर दिलेला रंग आहे. निळा हा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा रंग. पुढे तो चळवळीचा रंग झाला. कोटाला झेंड्याचा रंग चढला, असं मी म्हणेन.

गेट. हा अलीकडचा डिजिटल फोटो आहे, भर दुपारचा. कमानीच्या सावल्या उजव्या उजेडाच्या आहेत. चेहऱ्यावर एक ऊन आणि गेटवर दुसरं. एका चित्रात दोन सूर्य!

आकाश. हे तयार मिळतं. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे 'बॅकग्राउंड' नावाच्या फोल्डरमध्ये असे वीस-पंचवीस ढग सापडतील.

इतकं केल्यावर तुमच्याकडे एक यादी तयार होते: कुठला तुकडा, कुठल्या माध्यमातला, कुठल्या काळातला. ही यादी म्हणजे तुमची सामग्री. ती न करता 'हे चित्र अस्मितेचं प्रतीक आहे' असं वाक्य लिहू नका. ते वाक्य कुठल्याही चित्राला चिकटतं.

वरून रंग कशाला?

आता खरा कुतूहलाचा भाग. तुकडे जोडले, इथपर्यंत समजलं. पण फोटोला पेंटिंगचं रूप कशाला द्यायचं?

मी एका फ्लेक्सच्या दुकानात काही दुपारी बसून हे काम पाहिलं. कामाचा क्रम साधारण असा. फोटो फोटोशॉपमध्ये उघडायचा, पेन टूलने कडा कापायच्या, मागचं उडवायचं, तुकडा पीएनजी म्हणून ठेवायचा. असे सगळे तुकडे एकावर एक थरांत, म्हणजे लेअरमध्ये, मांडायचे. उजेड-अंधार जुळवायचा. मग स्मज टूल घेऊन गाल, कपाळ, केस यांवरून ब्रश फिरवायचा, म्हणजे ओल्या रंगावरून बोट फिरवल्यासारखं होतं. धंद्यात यालाच 'स्मज पेंटिंग' म्हणतात. शेवटी अक्षरांसाठी फाइल कोरलमध्ये जाते. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ साली आले, मिक्सर ब्रश २०१० साली आणि ऑइल पेंटचा फिल्टर २०१२ च्या आवृत्तीत. म्हणजे आज ज्याला आपण 'बॅनरची स्टाइल' म्हणतो, तिच्यामागे या अवजारांचाही इतिहास आहे.

पण कारण फक्त अवजार नाही. एक साधं गणित करा. इंटरनेटवरून उतरवलेला जुना फोटो समजा ६०० पिक्सेल रुंद आहे. तो दहा फुटी फ्लेक्सवर, म्हणजे १२० इंचांवर ताणला, तर एका इंचाला पाच पिक्सेल येतात. चेहऱ्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. त्यावर ब्रश फिरवला की चौकोन विरघळतात आणि फटकारे उरतात. फाटलेलं झाकायला वरून भरतकाम करावं तसं. 'कलात्मक' दिसणारी गोष्ट कधीकधी आधी अडचणीवरचा उपाय असते, हे संशोधनात विसरू नका.

दुसरं कारण. जुना फोटो दाणेदार, नवा फोटो चकचकीत, ढग भलतेच मऊ. तिन्ही शेजारी ठेवले तर भांडतात. एकच ब्रश तिन्हींवरून फिरला की तिन्ही एकाच जातीचे दिसतात. इथे ब्रश डिंकाचं काम करतो.

आणि तिसरं कारण, सवय. आपल्याकडे फोटोवर हाताने रंग भरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून आहे. शिवाय देव, राजे, पुढारी आपण कॅलेंडरवर नेहमी रंगवलेलेच पाहिले. मोठ्या माणसाचं चित्र 'रंगवलेलं' असावं, ही अपेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यातच आहे. साधा फोटो ओळखपत्रावर असतो. भिंतीवर लावायचं तर त्याला मान हवा, आणि तो मान इथे रंगातून येतो.

जोडकाम काही आजचं नाही

'फोटोशॉपमुळे सगळं खोटं झालं' असं म्हणणारे भेटले की त्यांना दीडशे वर्षं मागे घेऊन जा. १८५७ साली ऑस्कर रेलँडरने इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठा देखावा तयार केला होता. आणि आपल्या मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईला येणाऱ्या 'जातीजमातीं'चं दोन खंडांचं पुस्तक काढलं, पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. दुसऱ्या खंडाचा विषय महाराष्ट्रच होता. त्यातली कित्येक चित्रं जोडचित्रं आहेत. माणसांचे फोटो एकीकडे काढलेले, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि दोन्ही एकत्र छापलेले. नीट पाहिलं तर माणसांचे पाय जमिनीला टेकलेले वाटत नाहीत.

त्या चित्रांत जोडाचं काम काय होतं? समोरचा माणूस 'माणूस' म्हणून उरत नाही, 'नमुना' होतो. अमक्या जातीचा, अमक्या पोशाखाचा. त्याच्या मागे काय दिसावं हे त्याने ठरवलेलं नाही. कात्री दुसऱ्याच्या हातात आहे.

१८७० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सिस गाल्टनने तर एकाच काचेवर अनेक कैद्यांचे चेहरे एकावर एक उमटवून 'गुन्हेगाराचा चेहरा' शोधायचा प्रयत्न केला. निघालं काय, तर एक धूसर चेहरा, जो कुणाचाच नव्हता.

याच्या अगदी उलट टोकाला विवान सुंदरम यांची २००१-०२ मधली 'री-टेक ऑफ अमृता' ही डिजिटल मालिका आहे. अमृता शेरगिल त्यांची मावशी. आजोबा उमरावसिंग यांनी काढलेले घरचे फोटो आणि अमृताची चित्रं एकत्र आणून त्यांनी असे प्रसंग जुळवले, जे तसे कधी घडले नव्हते. तिथे कात्री घरातल्याच माणसाच्या हातात आहे, आणि बघणाऱ्याला सतत कळत राहतं की हे जुळवलेलं आहे. ते लपवलेलं नाही.

आता आपलं चित्र या रांगेत कुठे बसतं ते बघा. कात्री कुणाच्या हातात? बहुतेक वेळा त्याच समाजातल्या, त्याच वस्तीतल्या पोराच्या हातात. जॉन्सनच्या काळात ज्यांना नमुना म्हणून दुसरा कुणी कापून चिकटवत होता, त्यांचे वारस आज स्वतःच्या हाताने आपला इतिहास जोडताहेत. हा फरक छोटा नाही. तंत्र एकच असलं तरी चित्र कुणी कुणाबद्दल केलं, यावर त्याचा अर्थ फिरतो.

माझी चूक

आता कबुली. माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: 'या प्रकारच्या प्रतिमा ऐतिहासिक वास्तवाचा विपर्यास करतात.' वाक्य मला फार आवडलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'कुणाच्या घरी बसून पाहिलंत?'

मी घरी बसून पाहिलंच नव्हतं. आमच्या स्वतःच्या घरात हे चित्र कधी नव्हतं. मी ते स्टॉलवर आणि मोबाइलवर पाहिलेलं.

मग मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्याकडे हीच फ्रेम बैठकीत होती, आणि बाजूला तिच्या वडिलांचा फोटो, तोही जोडलेलाच. कारण वडिलांचा धड एकटा असा फोटोच नव्हता. लग्नातल्या घोळक्यातून चेहरा घेतला होता, कोट स्टुडिओने घातला होता. मी काकूंना जरा भीतभीतच विचारलं, "काकू, बाबासाहेब तर विद्यापीठ व्हायच्या आधीच गेले ना? मग या फोटोत गेटपुढे कसे?"

काकू हसल्या. म्हणाल्या, "ते आम्हाला ठाऊक नाही का? बाबा तिथं उभे हायेत, म्हणून तर ही आत गेली." आणि त्यांनी माझ्या मैत्रिणीकडे हात केला. ती या विद्यापीठातून एम.ए. झालेली, त्या घरातली पहिली.

माझं आवडतं वाक्य तिथेच गेलं. काकूंना तारीख माहीत होती. चित्र त्यांना फसवत नव्हतं. ते एक विधान करत होतं: या दारावर आमचा हक्क आहे आणि तो यांच्यामुळे आहे. ज्या दारावर हे नाव यावं म्हणून किती काळ गेला ते आठवा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. १९७९ साली लाँग मार्च निघाला. आणि नाव प्रत्यक्षात आलं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही विस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं. एवढ्या झगड्यानंतर कुणी बाबासाहेबांना गेटसमोर उभं केलं, तर त्याला 'कालविपर्यास' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण त्याने काहीच कळत नाही.

मग चित्र चांगलं आहे का?

इथे बरेच जण थांबतात. 'लोकांच्या भावना आहेत, त्यामुळे टीका नको.' मला हे पटत नाही. लोकांना गंभीरपणे घ्यायचं असेल तर त्यांच्या चित्रांनाही गंभीरपणे घ्यावं लागेल, आणि त्यात दोष दाखवणंही आलं.

माझं मत असं. या चित्रातला जोड उत्तम आहे. बाबासाहेब आणि गेट शेजारी आणण्याची कल्पना कुणाची ते आता सांगता येणार नाही, पण ती नेमकी आहे. एकाही शब्दाशिवाय ती नामांतराचा सगळा इतिहास सांगते.

माझी तक्रार रंगाबद्दल आहे. त्याच्या खाली तीन गोष्टी बुजतात.

पहिली, वय. ब्रश गालावरून फिरतो तेव्हा पिक्सेलबरोबर सुरकुत्याही जातात. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, थकवा जातो. शेवटच्या वर्षांत आजारांशी झगडत ज्या माणसाने काम केलं, तो इथे तुकतुकीत दिसतो. कातडीचा रंगही बऱ्याचदा एक-दोन छटा उजळ होतो. जातीच्या आणि वर्णाच्या प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या माणसाचा चेहरा उजळ करणं, यात कुणाचा वाईट हेतू नसतो हे मान्य. पण 'देखणं' म्हणजे 'गोरं' ही सवय हातातून कशी उतरते, ते इथे दिसतं.

वयाचं दुसरं उदाहरण माता रमाईंबरोबरच्या जोडचित्राचं. काहींमध्ये बाबासाहेबांच्या हातात संविधान आणि शेजारी रमाई असतात. रमाईंचं निधन २७ मे १९३५ रोजी झालं. संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. मधली चौदा वर्षं रंगाखाली गेली. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला एक कौटुंबिक फोटो उपलब्ध आहे. त्यात बाबासाहेब, रमाई, मुलगा यशवंत, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्रासुद्धा आहे. तो बघा आणि मग जोडचित्र बघा. फोटोत घर आहे, जोडचित्रात दोन मूर्ती आहेत.

दुसरी गोष्ट, सांधा. सुंदरम यांच्या कामात जुळवलेलं दिसत राहतं, म्हणून बघणारा विचार करत राहतो. इथे डिंकासारखा फिरलेला ब्रश सांधा लपवतो. काकूंना तारीख माहीत होती, कारण काकू त्या काळातून गेल्यात. पण त्यांच्या नातीला माहीत असेल का? तिच्यासाठी हा प्रसंग घडलेलाच असेल. आणि मग बाबासाहेब गेटशी कायमचेच उभे होते असं वाटलं, तर मधली साडेपंधरा वर्षं दिसणारच नाहीत. ज्या विधानासाठी चित्र केलं, तेच विधान पुढच्या पिढीपर्यंत जाताना फिकं होईल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गर्दी. चित्रात बाबासाहेब आणि गेट यांच्यामधली जमीन स्वच्छ रिकामी आहे. एकही माणूस नाही. ज्यांची घरं जळाली ते नाहीत, जे चालत आले ते नाहीत, तुरुंगात गेले ते नाहीत. खऱ्या गेटवर १४ जानेवारीला पाय ठेवायला जागा नसते! चित्रात मात्र एक महापुरुष आणि एक कमान. जणू नाव आपोआप आलं.

आणि विभूतिपूजेबद्दल बाबासाहेबांचं स्वतःचं मत काय होतं? १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेची कठोर चिकित्सा केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला. दोन्ही भाषणं मुळातून वाचा. मग त्यांच्याच चित्रातली ती रिकामी जमीन खटकायला लागते.

गंमत म्हणजे ही गर्दी एका ठिकाणी सापडते, फ्लेक्सच्या तळाशी. 'शुभेच्छुक' म्हणून पोरांच्या फोटोंची रांग असते ना, तिथे. बारकाईने बघा. त्या पोरांवर स्मज पेंटिंग केलेलं नसतं. मोबाइलवरचे सेल्फी सरळ कापून लावलेले, कडा खडबडीत, प्रत्येकावर वेगळा उजेड. वर रंगवलेला महापुरुष, खाली कच्चे फोटो. आपण त्या रांगेला हसतो. पण मला आता वाटतं, चित्रातला सगळ्यात प्रामाणिक सांधा तोच आहे. तिथे कुणीही लपवलेलं नाही की आम्ही इथे येऊन चिकटलोय. फक्त त्या पोरांच्या जागी, किंवा त्यांच्या बरोबरीने, १९७८ ते १९९४ मधली माणसं आली असती, तर हे चित्र नुसतं सुंदर न राहता मोठं झालं असतं. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत आहेत, घरांच्या ट्रंकांत आहेत. डिझायनरच्या फोल्डरमध्ये नाहीत.

तुम्ही काय करायचं?

समजा तुमचा विषय असाच आहे. तुमच्या गावातल्या शिवजयंतीचं पोस्टर असेल, वारीचं असेल, किंवा मयत माणसांचे स्टुडिओत जोडलेले फोटो असतील. तर एवढं करा.

एक. तुकड्यांची यादी. प्रत्येक तुकड्याचा उगम, माध्यम, अंदाजे काळ. जो उगम सापडला नाही तिथे 'सापडला नाही' असं स्वच्छ लिहा, अंदाज घुसडू नका.

दोन. उजेड, कडा, प्रमाण. उजेड कुठून, कडा कुठे खरखरीत, कोण कुणापेक्षा मोठं. जोडचित्रात कुणाला किती मोठं करायचं हे ठरवलेलं असतं, त्यामुळे आकार हेसुद्धा विधान असतं.

तीन. लेअरची फाइल मागा. आपल्या हातात येतं ते सपाट चित्र, सगळे थर एकत्र दाबलेलं. पण डिझायनरच्या संगणकात पीएसडी फाइल असते, तिच्यात थर सुटे असतात. कधी बंद करून ठेवलेले थरही सापडतात: आधी लावलेलं दुसरं आकाश, काढून टाकलेला एखादा चेहरा. जुन्या हस्तलिखितातली खाडाखोड जशी अभ्यासकाला हवी असते, तसं हे आहे. आणि संगणक फॉरमॅट झाला की हे सगळं जातं, त्यामुळे उशीर नको.

चार. परवानगी. डिझायनर असो की घरातली काकू, तुम्ही काय करताय ते आधी सांगा, नाव द्यायचं की नाही ते विचारा. घरातल्या भिंतीचा फोटो न विचारता काढू नका. ती भिंत आहे, तुमचा 'डेटा' नंतर.

पाच. कुठे लावलंय ते बघा. तेच चित्र चौकातल्या फ्लेक्सवर एक बोलतं आणि बैठकीत मयत वडिलांच्या शेजारी दुसरं बोलतं. गाइडची ती पेन्सिलीची ओळ मी आता टेबलासमोर चिकटवून ठेवलीय.

आणि शेवटी मत द्या. पाचही पायऱ्या झाल्यावर 'हे चांगलं, हे कमी पडतं आणि ते यामुळे' असं म्हणायची हिंमत करा. व्हायवाला समोरचे विचारतातच की, "तुमचं स्वतःचं म्हणणं काय?"

माझा आराखडा मी बदलला. ते 'विपर्यास'वालं वाक्य काढलं. त्या जागी आता एक प्रश्न आहे: नामांतराच्या जोडचित्रांमध्ये कोण उभं आहे, आणि कोण उभं असायला हवं होतं? उत्तर अजून अर्धंच सापडलंय. मैत्रिणीच्या घरी परत गेले तेव्हा काकूंनी कपाटातून एक पिवळा पडलेला फोटो काढून दाखवला. गेटजवळची गर्दी, सगळ्यांची तोंडं पलीकडे, ओळखू येतो तो फक्त एक पाठमोरा सदरा. "हे त्यांचे," काकू म्हणाल्या. हा फोटो कुठल्याच पीएनजीत बसणार नाही, कारण त्यात चेहराच नाही. पण माझ्या प्रबंधात तो बसवायचाय, सांधा दिसेल असा.

तुमच्या भागात असं एखादं जोडचित्र असेल तर आधी त्याचे सांधे शोधा, यादी करा आणि मग लिहा. पुढच्या लेखात घरगुती फोटोंची नोंद कशी ठेवायची ते पाहू. तोपर्यंत पेटसाठी शुभेच्छा!